ठाण्याच्या बातम्या रेडिओवर कधी ऐकायला मिळणार?
स्थानिक रेडिओने शाळा, पालिका आणि रोजच्या जगण्याच्या बातम्या द्याव्यात, हे तुमच्या स्थानिक रेडिओवरच्या लेखातलं म्हणणं अगदी मनातलं. कळव्याला आमच्या फडताळावरच्या ट्रान्झिस्टरवर आजही आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लागते, मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झला. आईला आता पेपर वाचता येत नाही. प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की ती मला मिक्सर बंद करायला लावते, कारण तो चालू असला की मीडियम वेव्हवर नुसती खरखर होते. पण त्या थोड्या मिनिटांत अख्खा महाराष्ट्र बसवायचा, त्यात ठाण्याच्या वाट्याला काय येणार? एकट्या ठाणे जिल्ह्यात ६ महानगरपालिका आहेत! पालिकेच्या शाळेत शिक्षक पुरेसे आहेत का, महासभेत काय ठरलं, हे तिला कोण सांगणार? खासगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही; २०१९ पासून आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावता येतात, एवढंच. म्हणजे हे काम आकाशवाणीनेच करायला हवं. रोज १५ मिनिटं ठाणे-नवी मुंबईसाठी द्या, एवढी कळकळीची विनंती. मागच्या आठवड्यात पाणी येणार नाही हे आम्हाला नळ कोरडा पडल्यावर कळलं. आई तेव्हा रेडिओजवळच बसली होती.