घरच्या मैदानाचा पहिला पत्ता नेरुळचा

मुंबई सिटी या फुटबॉल संघाच्या घरच्या मैदानावरील विजयांचा आढावा घेणाऱ्या लेखात लेखकांनी सुरुवात संघाच्या अंधेरीतील मैदानापासून केली आहे, याचे आम्हा नवी मुंबईकरांना आश्चर्य वाटते. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या दोन हंगामांत या संघाचे घर नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम होते. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्यात ०-३ असा पराभव पत्करून आलेल्या प्रशिक्षक पीटर रीड यांच्या संघाने अवघ्या सहा दिवसांनी नेरुळमध्ये पुणे सिटीचा ५-० असा धुव्वा उडवला आणि त्याच सामन्यात आंद्रे मोरित्झ या ब्राझिलियन मध्यरक्षकाने स्पर्धेच्या इतिहासातील पहिली हॅटट्रिक नोंदवली. पुढच्याच वर्षी नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्धच्या ५-१ विजयात सुनील छेत्रीने तीन गोल केले. अशी कामगिरी करणारा तो या लीगमधील पहिला भारतीय ठरला. एवढे सगळे वगळून आढावा पूर्ण कसा म्हणायचा?

मैदान मुळात क्रिकेटचे असल्याने प्रेक्षक खेळापासून बरेच दूर बसत आणि त्या दोन्ही हंगामांत संघाला उपांत्य फेरीही गाठता आली नाही, हे मान्य. अंधेरीच्या छोट्या मैदानात आवाज अधिक घुमतो, हेही खरे. तथापि २०१६ मध्ये संघ तिकडे गेल्यापासून पनवेल, वाशी, ऐरोलीच्या चाहत्यांना कामाच्या दिवशीचा सायंकाळचा सामना गाठणे आणि संपल्यावर लोकलने परतणे किती जिकिरीचे होते, याचा विचार क्लबने अवश्य करावा. हंगामातील निदान एखादा सामना तरी नेरुळला खेळवावा.