काउन्सेलिंग मुलाचं आणि क्लिक बाबांचे?

उन्हाळ्यात कॉलेजची बिलं यायला लागली की अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा सल्ला हमखास फिरतो : 'फेडरल लोनचं एन्ट्रन्स काउन्सेलिंग निव्वळ फॉर्मॅलिटी आहे. मुलांना कशाला ताप? आपणच लॉगिन करून नेक्स्ट-नेक्स्ट दाबायचं. तेवढं झालं की लोन मंजूर, मग चार वर्षं बघायला नको.' खाली अंगठ्यांची रांग. एन्ट्रन्स काउन्सेलिंग म्हणजे सरकारी शैक्षणिक कर्ज पहिल्यांदा घेणाऱ्या विद्यार्थ्याला कर्जाचे नियम समजावणारा ऑनलाइन कार्यक्रम. (एफ-१ किंवा एच-४ व्हिसावर असलेल्या मुलांना हे लोन मिळतच नाही, त्यांनी हा सल्ला सरळ डिलीट करावा.)

'आपणच करायचं.' अहो, कर्ज मुलाच्या नावावर आहे. पदवीच्या डायरेक्ट लोनला (हेच ते सरकारी कर्ज) आईवडील साधे को-साइनरही, म्हणजे जामीनही, नसतात. स्टुडंटएडच्या सरकारी साइटवरचं मुलाचं अकाउंट म्हणजे त्याची कायदेशीर सही, ती आपण ठोकायची नसते. पालक स्वतःच्या नावावर घेतात ते पॅरेंट प्लस लोन हे वेगळं प्रकरण.

'निव्वळ फॉर्मॅलिटी.' अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यातच कळतं की पदवी अर्धवट सुटली, नोकरी लागली नाही, कॉलेज आवडलं नाही, तरी कर्ज फेडावंच लागतं. आणि आकडे. पालकांवर अवलंबून असलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळतात. त्यांतले सबसिडाइज्ड फार तर ३,५००. त्यांचं व्याज शिकत असेपर्यंत सरकार भरतं. उरलेल्या २,००० वर पैसे कॉलेजात जमा झाल्या दिवसापासून व्याज चालू. २०२५-२६ च्या ६.३९ टक्के दराने चार वर्षं आणि वर शिक्षण सुटल्यावर हप्ते सुरू होण्याआधीची सहा महिन्यांची सवलत धरली, तर पहिला हप्ता यायच्या आधीच पाचशेवर डॉलर व्याज चढलेलं असतं, तेही फक्त पहिल्या वर्षाच्या कर्जावर. शिवाय सुरुवातीलाच एक टक्क्याहून थोडी जास्त फी कापतात, म्हणून ५,५०० घेतले की बिलात ५,४४२ च्या आसपास दिसतात. मग 'कॉलेजने पैसे खाल्ले' म्हणून ग्रुपवर बोंब मारणारेही बहुधा हेच नेक्स्ट-नेक्स्टवाले!

'तेवढं झालं की लोन मंजूर.' नाही. कॉलेजच्या पोर्टलवर लोन स्वीकारायचं, मास्टर प्रॉमिसरी नोटवर (कर्ज फेडण्याच्या करारावर) सही करायची आणि काउन्सेलिंग, ही तीन वेगळी कामं. दिलेली रक्कम पूर्ण घेतलीच पाहिजे असंही नाही. ३,५०० वर भागत असेल तर तेवढेच घ्या.

'चार वर्षं बघायला नको.' एन्ट्रन्स काउन्सेलिंग सहसा एकदाच असतं, एवढं मात्र खरं. पण कॉलेज सुटताना एक्झिट काउन्सेलिंगही सक्तीचं आहे, आणि 'सुटणं' म्हणजे फक्त पदवी नव्हे. एखाद्या सेमिस्टरला मुलीने दोन कोर्स सोडले आणि ती हाफ-टाइमच्या (बहुतेक ठिकाणी ६ क्रेडिट) खाली गेली, की त्या सवलतीच्या सहा महिन्यांचं घड्याळ तिथेच सुरू होतं. ते संपायच्या आत ती पुन्हा हाफ-टाइमवर आली तर सवलत पूर्ववत मिळते. नाही आली तर हप्ते सुरू, मग वर्गात बसलेली का असेना.

ज्यांनी आधीच मुलाच्या नावाने क्लिक करून टाकलंय, त्यांनी त्याला शेजारी बसवून ते सगळं आता वाचायला लावावं. रक्कम जास्त वाटली तर पैसे जमा झाल्यापासून १२० दिवसांत नको असलेला भाग परत करता येतो. त्या भागावरचं व्याज आणि फीही लागत नाही.