‘सरकारचा एक पैसा जात नाही’ म्हणे! अणुकचऱ्याच्या फॉरवर्डला उत्तर

‘अमेरिकेचा साठ वर्षांचा सगळा अणुकचरा एका फुटबॉल मैदानात मावतो. तो खासगी कंपन्या स्वखर्चाने सांभाळतात, सरकारचा एक पैसा जात नाही. पुनर्प्रक्रिया केली की कचरा उरतच नाही. उरलाच तर रॉकेटने सूर्यावर पाठवता येतो. आणि युरेनियम काढताना निसर्गाला धक्का लागत नाही.’

हा मजकूर बरेच दिवस फिरतोय. काल तो मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि ‘छान माहिती’ म्हणून खाली चौघांचे अंगठे पडले. म्हणून हा खटाटोप.

दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात घातक तेच आहे.

अमेरिकेत १९८२ साली अणुकचरा धोरणाचा कायदा झाला. व्यवहार सरळ होता. वीज कंपन्यांनी अणुविजेच्या दर युनिटमागे डॉलरचा हजारावा हिस्सा सरकारी निधीत भरायचा, आणि सरकारने ३१ जानेवारी १९९८ पासून अणुभट्ट्यांतलं वापरलेलं इंधन (कचरा म्हणतात तो मुख्यतः हाच) ताब्यात घेऊन खोल जमिनीत कायमचं पुरायला सुरुवात करायची. म्हणजे जबाबदारी कुणाची यावर वाद घालायला जागाच नाही, ती कायद्यात लिहिलेली आहे. ग्राहकांनी बिलातून पैसे भरले. सरकारने इंधन उचललंच नाही. १९८७ साली कोठारासाठी इतर जागांचा अभ्यास सोडून नेवाडातल्या एकट्या युक्का पर्वतावर बोट ठेवलं, २००८ साली परवान्यासाठी अर्ज केला आणि २०१० साली तोच मागे घ्यायला निघाले. शेवटी कोठाराचा पत्ता नसताना पैसे कसले घेता, असं कोर्टाने विचारलं आणि २०१४ साली वसुलीही थांबली.

मुदत चुकल्यावर कंपन्यांनी सरकारवर दावे लावले आणि त्या जिंकत गेल्या. इंधन आपापल्या आवारात सांभाळण्याचा खर्च सरकारला भरून द्यावा लागतो, आणि तो ग्राहकांनी भरलेल्या निधीतून देता येत नाही. तो जातो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसचा २०२१ चा अहवाल आहे: सुमारे ८६,००० टन वापरलेलं इंधन ३३ राज्यांतल्या ७५ ठिकाणी पडून, दरवर्षी आणखी २,००० टनांची भर, आणि तोवर दिलेली भरपाई ९ अब्ज डॉलरच्या घरात. एक पैसा जात नाही म्हणणाऱ्याने हा आकडा डोळ्यांखालून घालावा. तिथल्या माणसाने आधी वीजग्राहक म्हणून पैसे मोजले आणि आता करदाता म्हणून पुन्हा मोजतोय.

‘खासगी कंपनी सांभाळते’ म्हणजे काय होतं ते न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट व्हॅलीत दिसतं. तिथे एका खासगी कंपनीने १९६६ ते १९७२ पुनर्प्रक्रियेचा, म्हणजे वापरलेल्या इंधनातून युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढण्याचा कारखाना चालवला, सुमारे ६४० टन इंधन विरघळवलं. सुधारणांसाठी बंद केलेला कारखाना नव्या नियमांप्रमाणे चालवणं परवडेना, तेव्हा १९७६ साली कंपनीने अंग काढून घेतलं. मागे जमिनीखालच्या टाक्यांत सुमारे २३ लाख लिटर तीव्र किरणोत्सारी द्रव उरला. करारातच सोय होती, जागा राज्याच्या गळ्यात पडली. मग १९८० साली संसदेने खास कायदा केला: ९० टक्के खर्च केंद्राचा, १० टक्के राज्याचा. तो द्रव काचेत मिसळून पोलादी डब्यांत ओतायचं काम १९९६ ते २००२ चाललं. पावणेतीनशेच्या आसपास डबे झाले. ते अजून तिथेच आहेत, न्यायचे कुठे?

यात पुनर्प्रक्रियेचा मुद्दाही आटोपला. वापरलेल्या इंधनात साधारण ९५ टक्के युरेनियम आणि १ टक्का प्लुटोनियम असतं, ते वेगळं काढता येतं, हे खरं. उरलेल्या चारेक टक्क्यांत जवळजवळ सगळा जहाल माल असतो. फ्रान्स पुनर्प्रक्रियेत सगळ्यांत पुढे, तरी काचेच्या डब्यांसाठी ब्यूर इथे ५०० मीटर खोल कोठाराची तयारी करतोच आहे. कचरा उरत नसता तर हा उद्योग कशाला?

आता फुटबॉल मैदान. हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. आकारमान खरंच थोडं आहे, सगळं खेटून रचलं तर मैदानावर दहाएक यार्डांपेक्षा कमी उंचीचा थर होईल. पण ते खेटून रचताच येत नाही. इंधनाचा एक जुडगा म्हणजे सुमारे ४ मीटर लांब, साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, आत इंधनाच्या २६४ नळ्या. अणुभट्टीतून काढल्यावर तो निदान पाचेक वर्षं खोल पाण्याच्या हौदात ठेवावा लागतो. जुडगे जवळ आले तर साखळी प्रक्रिया सुरू होऊ नये म्हणून मध्ये बोरॉनचे पत्रे. दहा वर्षांनंतरही उघड्या जुडग्यापाशी काही मिनिटं थांबलात तर जिवावर बेतेल.

हौदातून कोरड्या साठवणीत नेण्याचं काम असं चालतं. पोलादी डबा पाण्यात बुडवायचा, पाण्याखालीच एकेक करून तीसेक जुडगे आत सोडायचे, झाकण ठेवून वर उचलायचा, पाणी काढायचं, झाकण वेल्ड करायचं आणि मग आतली हवा ओढून डबा वाळवायचा. दाब ३ टॉरपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या अडीचशेव्या भागावर आणायचा, पंपाची जोडणी तोडायची आणि अर्धा तास काटा बघत बसायचं. काटा चढला तर आत पाणी आहे. घाईने हवा ओढली तर पाण्याचा बर्फ होऊन नळी तुंबते आणि डबा कोरडा झाल्याचा भास होतो. राहिलेल्या पाण्याने गंज धरतो, किरणांनी पाणी फुटून हायड्रोजन सुटतो. सगळं जमलं की हेलियम भरून डबा जाड काँक्रीटच्या कवचात. समुद्रकाठी खारी हवा वेल्डजवळ चिरा पाडू शकते, ती वेगळी काळजी.

कॅलिफोर्नियात सॅन ओनोफ्रेला ऑगस्ट २०१८ मध्ये असा एक भरलेला डबा खड्ड्यात उतरवताना आतल्या कड्यावर अडकला. वरचे पट्टे सैल पडले तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. पाऊण तासाच्या आसपास तो डबा साडेपाच मीटर उंचीवर नुसता त्या कड्याच्या आधाराने टेकून होता. सरकारी नियामकाने १ लाख १६ हजार डॉलर दंड ठोठावला. मैदानाची उपमा देणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे आणावं.

सरकारकडे काम गेलं की ते नीट होतंच, असं मात्र मी म्हणत नाही. न्यू मेक्सिकोत लष्करी अणुकचऱ्याचं सरकारी कोठार ६५५ मीटर खोल, मिठाच्या थरात आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथे एक पिंप आतून तापून फुटलं. कारण? कचऱ्यातल्या नायट्रेट क्षारांत मिसळायला मांजरांच्या शीच्या डब्यात वापरतात ती भुकटी घेतली होती, पण मातीची घ्यायच्या ऐवजी गव्हाची. सेंद्रिय पदार्थ आणि नायट्रेट एकत्र! कोठार जवळपास तीन वर्षं बंद राहिलं.

फिनलंडचं उदाहरण कुणी देईलच. तिथे ओंकालोचं कोठार वीज कंपन्यांच्या पैशाने झालंय, कबूल. पण तिथल्याही कायद्यात कोठार कायमचं बंद झाल्यावर पुढची जबाबदारी सरकारकडे जाते.

रॉकेटला चार ओळी पुरेत. १९६४ साली एक अमेरिकी उपग्रह कक्षेत पोचलाच नाही, त्यावरचं किलोभर प्लुटोनियम वातावरणात जळून जगभर पसरलं. इथे ८६,००० टनांची गोष्ट चालू आहे.

उरलं युरेनियमचं खाणकाम. अमेरिकेतल्या नवाहो या मूळ रहिवाशांच्या प्रदेशातून १९४४ ते १९८६ दरम्यान सुमारे ३ कोटी टन खनिज काढलं गेलं, पाचशेहून जास्त खाणी तशाच टाकून दिल्या. १६ जुलै १९७९ रोजी चर्च रॉकला युरेनियम कारखान्याच्या गाळाच्या तळ्याचा बांध फुटून ३५ कोटी लिटरच्या वर आम्लयुक्त किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेलं. हा ‘धक्का न लागणारा’ निसर्ग. आणि अमेरिकेच्या सरकारी जमिनीवर आजही १८७२ चा खाणकायदा चालतो, त्यात युरेनियमवर सरकारला रॉयल्टी मिळत नाही. मामा, ‘एक पैसा’ हा शब्द तिथे मात्र बरोबर बसतो.