हात लावायला माणूस हवाच, गुरुजी

गुरुजी, नमस्कार.

टेलिमेडिसिनवरच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून डॉक्टरी सल्ला देण्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही निपाणीहून लिहिलेल्या प्रतिक्रियेला नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होणं मला बरं वाटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पोटाला हात न लावता निदान होत नसतं. सरकारला डॉक्टर नेमायचे नाहीत, म्हणून ही मोबाईलची पळवाट काढली आहे. पडद्यावरचा डॉक्टर कन्नडमध्ये बोलणार आणि आमची म्हातारी मराठीत, मग त्याला ‘रुग्णकेंद्री’ कुठल्या तोंडाने म्हणायचं? आणि शेवटी, कोणत्या दुखण्यात फोनवर विसंबू नये ते तरी स्पष्ट लिहा.

हात लावण्याचं आधी बोलते, कारण तिथे तुमचं-माझं दुमत नाही. फक्त तो हात कोणाचा, हा प्रश्न आहे.

चिकोडी तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रातून ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या टेलिमेडिसिन सेवेवर, कॉल आला होता. साठीच्या पुढच्या एक बाई, दोन्ही पाय सुजलेले, चप्पल चढेना. सुजेसाठी दोन-तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. मी बेळगावात पडद्यासमोर, तिकडे त्यांच्याजवळ सीएचओ (उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी) सिस्टर. सिस्टरना म्हटलं, “नडगीवर अंगठा दाबून धरा. आता सोडा. खळगा राहतोय?” राहत होता. मानेच्या शिरा फुगल्यात का, आडवं झाल्यावर धाप लागते का, लघवी कमी झालीय का, हे त्यांनी एकेक करून बघितलं, विचारलं. मग सुनेला घरी पाठवून घरात होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या मागवल्या आणि टेबलावर ओतायला सांगितल्या. एक स्ट्रिप मिरजेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली, दुसरी आरोग्य केंद्रातून मिळालेली. नावं वेगळी, रंग वेगळे. सिस्टरनी दोन्ही उलट्या करून कॅमेऱ्यासमोर धरल्या, तर मागे बारीक अक्षरांत दोन्हींवर अॅम्लोडिपिन! बीपीची एकच गोळी बाई दोन नावांनी दुप्पट घेत होत्या. या गोळीने पायांवर सूज येऊ शकते, आणि डोस वाढला की जास्तच. एक स्ट्रिप बंद केली, किडनीची तपासणी लिहून दिली आणि आठवड्याने परत बीपी मोजायला सांगितलं.

बाई बेळगावला माझ्यासमोर येऊन बसल्या असत्या, तर गोळ्यांची पिशवी बहुतेक घरीच राहिली असती. पण सिस्टर तिथे नसत्या, तर मलाही काही कळलं नसतं. म्हणून माझं मत असं पक्कं झालंय की पेशंटच्या बाजूला शिकलेला, ओळखीचा आणि त्याच्या भाषेत बोलणारा माणूस असेल तरच टेलिमेडिसिन. पेशंटच्या हातात नुसता मोबाईल देऊन ‘लिंक उघडा’ म्हणणं, याला मी उपचार मानत नाही.

आता डॉक्टर नेमण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये डिजिटल आरोग्यसेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्पष्ट म्हटलंय की टेलिमेडिसिन प्रत्यक्ष सेवेला पूरक असावं, तिची जागा त्याने घेऊ नये. तेव्हा आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी आहे आणि तिथे फक्त लॅपटॉप आणून ठेवलाय, असं दिसलं तर ग्रामसभेत उभं राहून जाब विचारायलाच हवा. त्यात मी तुमच्याबरोबर आहे.

पण डॉक्टर नेमला तरी एक गोष्ट उरते. शुगर-बीपीच्या पेशंटला वर्षानुवर्षं दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी बघावं लागतं. कर्नाटकाच्या शक्ती योजनेमुळे जून 2023 पासून बायकांचं सरकारी बसचं तिकीट वाचलं, हे चांगलंच झालं. दिवसाची मजुरी मात्र बुडतेच. तुमच्या निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला विचारा, दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसायचं म्हणजे काय ते. आणि एवढं करून डॉक्टर म्हणतात, “सगळं ठीक आहे, त्याच गोळ्या चालू ठेवा.” हे वाक्य ऐकण्यासाठी तिने अख्खा दिवस का घालवावा? अशा वेळी गावातच बीपी-शुगर मोजून पाच मिनिटं बोलणं झालं, तर पुढच्या खेपेलाही ती येते. नाहीतर दोन-तीन महिन्यांत गोळ्या सुटतात, आणि त्याची किंमत पुढे लकव्याने किंवा किडनीने वसूल होते. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना तपासायला मात्र समक्ष यावंच लागतं, तिथे सवलत नाही.

सीमाभागात राहणाऱ्यांना याचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्यावर फारसं बोललं जात नाही. आपली माणसं दोन राज्यांत विभागून औषधपाणी करतात. अथणीकडची मिरजेला, निपाणीची कोल्हापूरला, खानापूरची बेळगावला, नाहीतर सरळ गोव्याला. कोरोनात राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागत होते, ते दिवस तुम्ही जवळून पाहिलेत. 25 मार्च 2020 ला केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले. त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातल्या पेशंटला सल्ला देऊ शकतो. म्हणजे कोल्हापूरच्या डॉक्टरने निपाणीच्या आपल्या जुन्या पेशंटचा रिपोर्ट बघून फोनवर डोस बदलला, तर ते नियमात बसतं. महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या 865 सीमागावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकाने हरकत घेतली, त्यावर वर्तमानपत्रांची पानं भरली. पेशंटची फाईल मात्र अजून प्लास्टिकच्या पिशवीतूनच नाका ओलांडते. आभा नावाचा जो 14 आकडी आरोग्य क्रमांक आहे, त्याला जोडलेले रिपोर्ट पेशंटच्या संमतीने दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरलाही दिसू शकतात. हे नीट चाललं तर सर्वांत जास्त फायदा आपल्यालाच आहे. अॅम्लोडिपिनचा तो घोळसुद्धा मग पहिल्याच भेटीत लक्षात आला असता.

भाषेबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. मी मराठीत बोलते, पण पडद्यावर दर वेळी मीच असेन असं नाही. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मनाच्या आजारांसाठी भाषा निवडून बोलता येतं. तशी सोय साध्या ओपीडीलाही हवी, ही मागणी आपण लावून धरू. पण गुरुजी, मला भाषेइतकीच दुसरी एक गोष्ट छळते. मोबाईल असतो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात. त्याच्यासमोर बाई अंगावरून पांढरं जातं हे कसं सांगणार? घरातल्या माराबद्दल कशी बोलणार? स्पीकर चालू, ओट्यावर शेजारीण, आणि बाई म्हणते, “काय नाही, जरा अशक्तपणा हाय.” नियम सांगतो की दुसऱ्या कोणी कॉल लावून दिला असेल तर पेशंटची स्वतःची संमती घ्यावी. मी त्यापुढे जाऊन विचारते, “आत्ता जवळ कोण आहे? त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगू का?” सिस्टरनी दार लोटलं की पुष्कळदा दुखणंच वेगळं निघतं. माझ्या लेखी रुग्णकेंद्री म्हणजे हे. अॅप कितीही चांगलं असो, दार लोटायचं काम माणसालाच करावं लागतं.

रेंजबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण लिहायला हवं होतं. भीमगडच्या जंगलातल्या गावांत, कणकुंबीच्या पट्ट्यात, पावसाळ्यात लाईट जाते आणि मोबाईल मुका होतो. ज्यांना दवाखाना सगळ्यात लांब, त्यांनाच ही सोय मिळत नाही. तिथे आधी रस्ता आणि टॉवर.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. छातीत दुखून घाम सुटणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, जोराची धाप, साप चावणं, गरोदर बाईच्या अंगावरून रक्त जाणं, पोटातलं बाळ हलेनासं होणं, पोट लाकडासारखं कडक होणं, मलूल पडून दूध न ओढणारं तान्हं मूल. यांतलं काहीही असेल तर व्हिडिओ कॉल लावत बसू नका. छातीच्या दुखण्यात तर मिनिटं मोजायची. 2023 मध्ये कर्नाटकाने पुनीत राजकुमार यांच्या नावाने हृदयज्योती योजना सुरू केली. तीत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात काढलेला ईसीजी दूरचे हृदयरोगतज्ज्ञ वाचतात आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देता येतं. तेसुद्धा टेलिमेडिसिनच, पण पेशंट दवाखान्यात पोचल्यानंतरचं. म्हणून अशा वेळी फोन लावायचा तो 108 ला, आणि गाडीला उशीर होत असेल तर गावात मिळेल ते वाहन काढायचं.