पाटीवर डॉक्टरची पदवी लिहा, आणि योजना कशाकशाला चालते तेही

तासगाव तालुक्यातल्या एका वस्तीवरची पंचविशीतली सून. परवा रात्री जमिनीवर गोधडी टाकून झोपलेली. पहाटे चारला पोटात कळ आली, दोन उलट्या झाल्या. गावात ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळालं. सहाला पापण्या मिटायला लागल्या, सातला थुंकी गिळता येईना. सांगलीत एका मोठ्या दवाखान्यात आणलं, दारावर महात्मा फुले योजनेची पाटी ठळक. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात भांडण झालंय का?" काउंटरवर पन्नास हजार मागितले. वीस भरले, बाकीचे जमवण्यात दीड तास गेला. आज तिच्या भावाने त्या वीस हजारांची पावती दाखवली, म्हणून लिहायला बसलो.

ही मण्यार चावली होती, विषारी साप. मण्यार चावते ती बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दात बारीक असतात. सूज नाही, आग नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, जीभ अडखळते, मान उचलत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. पावसाळ्यात पहाटेची पोटदुखी आणि अर्ध्या मिटलेल्या पापण्या एकत्र दिसल्या, की चावल्याची खूण शोधत बसायचं नसतं. रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला लावायचे, उशीवरून मान उचलायला सांगायची. आकडा दर पंधरा मिनिटांनी खाली येत असेल तर घशात नळी घालायची तयारी तेव्हाच करायची. प्रतिविषाच्या १० कुप्या सलाईनमधून तासाभरात द्यायच्या. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. आधी कातडीखाली चाचणीचा डोस देत वेळ घालवायचा नाही. अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, रक्तदाब पडला, तर मोठ्या माणसाला ॲड्रिनलिन अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. ते सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलेलंच हवं.

यातलं काहीच दुर्मीळ ज्ञान नाही. इमर्जन्सी मेडिसिन शिकलेल्या डॉक्टरचं हे रोजचं काम आहे. आपल्या देशात २००९ मध्ये या विषयाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी. पापणी बघून व्हेंटिलेटर आठवणं हीच त्या तीन वर्षांची कमाई. पण आपल्याकडे पाटीवर असतं ‘२४ तास तज्ज्ञ सेवा’. तज्ज्ञ म्हणजे कोण? हाडांचे सर घरी झोपलेले, हृदयाचे सर फोनवर, आणि पहाटे तीनला दारात उभा नुकता पास झालेला मुलगा. त्याला मी दोष देत नाही. त्याला एकट्याला तिथे उभं करणाऱ्यांना देतो.

बीएएमएस झालेले कितीतरी डॉक्टर वर्षानुवर्षं कॅज्युअल्टी सांभाळतात, १०८ वर जीव वाचवतात, हे खरं आहे, मान्य. मग त्यांचीही पदवी आणि अनुभव पाटीवर लिहा. लपवता कशाला? कोणाच्या हातात आपलं माणूस देतोय हे नातेवाइकांना कळायला नको? एमबीबीएस, एमडी डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघता येते. पण मान टाकलेली बायको खांद्यावर घेतलेल्या माणसाने संकेतस्थळ उघडायचं का?

आता योजनेचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डासकट सगळे रेशनकार्डधारक आले, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. आपण पाटी बघतो आणि समजतो की सगळ्याला चालतं. तसं नसतं. योजनेत दवाखाना असतो, डॉक्टर नाही, आणि दवाखान्यालाही मान्यता विभागवार मिळते. हाडांसाठी, किडनीसाठी घेतलेली मान्यता क्रिटिकल केअरला, म्हणजे अतिदक्षता विभागातल्या उपचाराला, लागू होत नाही. पाटीवर मात्र तेच चिन्ह, तेवढंच मोठं.

त्या सुनेचं नाव अजून माहेरच्या रेशनकार्डावर होतं. काउंटरने तेवढ्यावरच ‘योजना बसत नाही’ म्हणून सांगून टाकलं. अहो, कार्ड माहेरचं असलं तरी त्यावर नाव तिचंच आहे ना! फोटो मागवा, आधार लावा, आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, दाखवा. इमर्जन्सीत आधी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करायची सोय योजनेतच आहे, कागद मागाहून देता येतात. रात्री आरोग्यमित्र टेबलावर नसेल तर दवाखान्याचा योजनेचा मेडिकल कोऑर्डिनेटर कोण, ते विचारा. उडवाउडवी झाली तर तिथेच उभं राहून योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, फोन लावा, फोन घेणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. पैसे भरावेच लागले तर छापील पावती घ्या, त्यावर कशाचे पैसे ते लिहून मागा. भावाजवळच्या पावतीवर फक्त ‘ॲडव्हान्स’ एवढंच आहे. कशाचा ॲडव्हान्स? दीड तासात एक कुपी लागली नव्हती.

पॅकेजचे दर कमी पडतात, बिलं महिनोन्‌महिने अडकतात, हे दवाखानेवाले सांगतात आणि त्यात तथ्य आहे. ते भांडण सरकारशी करा. दारात आलेल्याचा जीव आधी वाचवायचा, दवाखाना सरकारी असो की खाजगी, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलंय. ज्या मिरजेत १८९४ पासून दवाखाना आहे, जिथे कर्नाटकातून माणसं बरी व्हायला येतात, त्या जिल्ह्यात पहाटे श्वास थांबत आलेल्या बाईला आधी काउंटर दाखवला जातो. चीड येते.

शेवटी १०८ मधून, हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबत दाबत तिला मिरजेला सरकारीत नेलं. तिथल्या मुलीने, होय, कॅज्युअल्टीतली डॉक्टर मुलगीच, पापण्या बघितल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "रात्री झोपली कुठे होती?" दहा मिनिटांत नळी, मग प्रतिविष.

अजून व्हेंटिलेटरवर आहे. मण्यारीत कधी कधी डोळ्यांच्या बाहुल्याही हलत नाहीत, माणूस गेल्यासारखा दिसतो आणि आत सगळं ऐकत असतो. घरी न्या म्हणून कोणी घाई केली तर ऐकू नका, चार-पाच दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. त्या डॉक्टरने भावाला हे समजावून सांगितलंय. तो आता दर भेटीच्या वेळी तिच्या कानाशी वाकून सांगतो की पोरगी आजीजवळ आहे, दूध प्यायली, तू काळजी करू नको.