जुल-किफ्ल म्हणजे कपिलवस्तूचे बुद्ध?

बुद्धपौर्णिमा जवळ आली की एक मजकूर माझ्या फोनवर हमखास येतो. गंमत म्हणजे तो दोन्हीकडून येतो. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर कोणीतरी ‘बघा, इस्लाम किती उदार’ म्हणून टाकतो, आणि मुंबईच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर तोच मजकूर ‘बघा, कुराणालाही बुद्ध मान्य’ असं म्हणत फिरतो. मजकुराचा गाभा असा: कुराणात जुल-किफ्ल नावाचे एक पैगंबर आहेत. ‘जुल’ म्हणजे ‘चा’ किंवा ‘वाला’. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘कपिल’चं ‘किफ्ल’ झालं. म्हणजे जुल-किफ्ल हे कपिलवस्तूचे, अर्थात गौतम बुद्ध. पुरावा म्हणून कुराणाच्या ‘तीन’ (अरबीत अंजीर) या सूरहमधलं, म्हणजे अध्यायातलं, अंजिराचं झाड, ते म्हणे बोधिवृक्ष. आणि शेवटी नेहमीची फोडणी: मुल्लामौलवींनी हे १४०० वर्षं दडवून ठेवलं.

हेतू चांगला आहे, म्हणून इतकी वर्षं मी गप्प बसत आलो. यंदा मात्र पुतण्याने शाळेच्या भाषणात हे सांगायचं ठरवलं, तेव्हा बसून लिहायला घेतलं.

आधी मूळ पाहू. कुराणात हे नाव फक्त दोनदा येतं. सूरह अल-अंबिया, आयत (वचन) ८५: इस्माईल, इद्रीस आणि जुल-किफ्ल, हे सगळे धीर धरणाऱ्यांपैकी. सूरह साद, आयत ४८: इस्माईल, अल-यसा आणि जुल-किफ्ल यांची आठवण काढा, हे सगळे उत्तम लोकांपैकी. संपलं. गाव नाही, बाप नाही, कौम नाही, काय शिकवलं तेही नाही. युसूफ यांच्यावर अख्खी सूरह आहे, मूसांचं (मोझेसचं) नाव शंभराहून जास्त वेळा येतं. आणि इथे दोन ओळींच्या यादीत एक नाव. जिथे मजकूर इतका मुका असतो, तिथे बाहेरून काहीही आणून बसवता येतं. तसंच झालंय.

आता ‘प’चा ‘फ’. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण तो निम्मा खरा आहे. अरबीत ‘प’ नाही, आणि आपल्याकडचे शब्द तिकडे जाताना ‘फ’ होऊन गेलेत. पिप्पलीचं फारसीवाटे ‘फिलफिल’ झालं, ते अरबीत मिरीचं नाव. कापराचं ‘काफूर’ झालं, आणि तो शब्द थेट कुराणात आहे, ७६ व्या सूरहच्या ५ व्या आयतीत, स्वर्गातल्या पेयाच्या वर्णनात. त्याच सूरहमध्ये पुढे ‘जंजबील’ म्हणजे आलं येतं, त्याचंही मूळ हिंदुस्थानी भाषांकडे जातं. तेव्हा भारतातला शब्द कुराणात असूच शकत नाही, असं कोणी म्हणत असेल तर तेही चूक. पण हे शब्द गेले ते मालाबरोबर, बंदराबंदरातून, व्यापाऱ्याच्या तोंडून. असं होऊ शकतं, म्हणून इथेही तसंच झालं, हे कसं म्हणायचं? पुण्याहून मुंबईला गाडी जाते, एवढ्यावरून अमुक माणूस काल मुंबईत होता हे सिद्ध होत नाही.

शिवाय बाहेरून शब्द आणायची वेळ केव्हा येते? घरात तो नसतो तेव्हा. इथे तर ‘किफ्ल’ अरबीच्या घरातलाच आहे, कुराणाच्या माजघरातला. क-फ-ल हा धातू: जबाबदारी घेणं, हमी राहणं, सांभाळ करणं. त्यावरूनच हिस्सा, वाटा. आमच्या कोकणात गल्फला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा, ‘कफील’ म्हणजे काय. शब्दकोश न उघडता सांगेल. ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा, ज्याच्या सहीवर इकामा (राहण्याचा परवाना), ज्याने सरकारला सांगितलंय की या माणसाची जबाबदारी माझी, तो कफील. आमच्या शेजारचे चाचा कुवेतला बावीस वर्षं राहिले. घरात आईबापानंतर सगळ्यांत जास्त वेळा घेतलं गेलेलं नाव त्या कफीलचं, आणि दर वेळी आदरानेच घेतलं जायचं असंही नाही.

हाच शब्द कुराणात सोळाव्या सूरहच्या ९१ व्या आयतीत आहे: तुम्ही अल्लाहला आपला कफील ठरवलं आहे, तर शपथा मोडू नका. जकरिया यांनी मरियमचा सांभाळ केला, तिथे हाच धातू (सूरह ३, आयत ३७, म्हणजे ३:३७). बाळ मूसाला पेटीतून काढलं, तेव्हा बहीण विचारते, याचा सांभाळ करील असं कोणी दाखवू का, तिथेही हाच (२०:४०). ‘किफ्ल’ हे नामसुद्धा जसंच्या तसं आलंय. वाईट कामाची शिफारस करणाऱ्याला त्यातला ‘किफ्ल’ भोगावा लागेल (४:८५), आणि श्रद्धा ठेवणाऱ्यांना अल्लाह आपल्या कृपेचे ‘किफ्लैन’, म्हणजे दोन वाटे, देईल (५७:२८).

मला सगळ्यांत बोलका वाटतो तो दाखला सूरह सादमधलाच. जुल-किफ्ल हे नाव ४८ व्या आयतीत. त्याच्या फक्त पंचवीस आयती आधी दाऊद यांच्यासमोर एक भांडण येतं. फिर्यादी म्हणतो, हा माझा भाऊ, याच्याकडे नव्व्याण्णव मेंढ्या, माझ्याकडे एकच, तरी म्हणतो ‘अकफिलनीहा’: तीही माझ्या हवाली कर. तोच धातू. सूरह ऐकणाऱ्या अरबाच्या कानात तो शब्द नुकताच वाजून गेलाय. थोड्या वेळाने ‘जुल-किफ्ल’ ऐकल्यावर त्याला हिमालयाच्या पायथ्याचं गाव कशाला आठवेल?

‘जुल’चंही तसंच. ‘जू’ म्हणजे धारण करणारा, वाला. पुढचा ‘ल’ हा ‘अल’ या उपपदाचा. हा साचा नवा नाही. सूरह अल-अंबियात ८५ व्या आयतीत जुल-किफ्ल आणि लगेच ८७ व्या आयतीत जुन्नून, म्हणजे माशावाला: माशाच्या पोटात गेलेले युनूस. दोन शिंगांवाला तो जुल-करनैन. दोन्ही अर्थावरून पडलेली टोपणनावं. गावाच्या नावाआधी ‘जू’ लावायची रीत दक्षिण अरबस्तानात होती, हे मान्य. पण कुराणात परदेशी गावं येतात ती ‘अल’ न घेता: बाबिल, मिस्र, मदयन. ‘अल-कपिल’ असं कोणी का म्हणेल? आणि ‘वस्तू’ कुठे सांडलं? पालीत ते कपिलवत्थु आहे. कपिल हा त्यातला ऋषी, गाव नव्हे.

आणखी एक साधी गोष्ट. बौद्ध परंपरेत त्यांना गौतम म्हणतात, शाक्यमुनी म्हणतात, तथागत म्हणतात. ‘कपिलवस्तूवाले’ ही त्यांची ओळख कधीच नव्हती. ते गाव त्यांनी एकोणतिसाव्या वर्षी सोडलं.

अंजिरावर फार वेळ घालवत नाही. सूरह तीन सुरू होते ती शपथेने: अंजीर, जैतून (ऑलिव्ह), सीनाईचा पहाड आणि हे सुरक्षित शहर. फॉरवर्डचं गणित असं, की सीनाई म्हणजे मूसा, शहर म्हणजे मक्का, जैतून म्हणजे ईसा (येशू), मग अंजीर उरलं ते बुद्धांना. हे गणित विसाव्या शतकात काही मुस्लिम अभ्यासकांनीही मांडलं, म्हणजे ते नुसतं व्हॉट्सअ‍ॅपचं पिल्लू नाही. पण ‘तीन’ हे आपण खातो ते अंजीर, पुरंदरकडून येतं तेच. बोधिवृक्ष पिंपळ आहे. दोघे एका कुळातले हे खरं, पण फायकस या एका नावाखाली त्यांना वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने आपल्या पुस्तकात १७५३ साली बसवलं. सातव्या शतकातल्या मक्केत पिंपळ कोणी पाहिलेला नव्हता आणि वनस्पतिशास्त्राचं ते पुस्तकही आलेलं नव्हतं. (आणि नातंच जोडायचं तर अंजिराला उंबर जवळचा. मग दत्तगुरूंनाही कुराणात शोधणार का?) जुन्या टीकाकारांपैकी काहींनी ही फळंच मानली, काहींनी अंजीर म्हणजे दिमश्कचा (दमास्कसचा) आणि जैतून म्हणजे जेरुसलेमचा परिसर असा अर्थ लावला. ते पटतं, कारण सगळं एकाच भूगोलात राहतं.

‘मुल्लांनी लपवलं’ हा आरोप मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण झालंय उलट. मुस्लिम लेखकांनी बुद्धांबद्दल उघडपणे आणि बरंच लिहिलंय. बगदादच्या इब्न अन-नदीमने ९८७ च्या सुमारास जी ग्रंथसूची केली, तिच्यात ‘बुद्द’ कोण, याबद्दल हिंदुस्थानातली वेगवेगळी मतं नोंदवली आहेत: कोणी म्हणतं देवाची प्रतिमा, कोणी म्हणतं त्याच्या दूताची, तर कोणी तो ‘बुदासफ’ हा ज्ञानी पुरुष मानतं. बुदासफ म्हणजे आपला बोधिसत्त्वच, अरबी लिपीतून गाळून आलेला. शहरस्तानी ११५३ मध्ये वारला. धर्मपंथांवरच्या त्याच्या ग्रंथात बुद्धांचं वर्णन आहे, आणि त्याला इस्लाममध्ये साम्य शोधावंसं वाटलं तेव्हा तो म्हणाला, हे खिज्रसारखे, म्हणजे इस्लामी परंपरेतल्या त्या गूढ ज्ञानी पुरुषासारखे, वाटतात. खिज्र! जुल-किफ्ल नव्हे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणात मंगोल बादशहांचा वजीर रशीदुद्दीन याने कमलश्री नावाच्या काश्मिरी भिक्षूला हाताशी धरून बुद्धांचं चरित्रच लिहिलं. त्यात नाव ‘शाकमूनी’. ज्यांना बुद्ध माहीत होते, त्यांच्याकडे बुद्धांसाठी नावंही होती: बुद्द, बुदासफ, शाकमूनी. दडवलेलं काही नव्हतं.

मग जुल-किफ्ल कोण? इथे काहीजण दुसऱ्या टोकाला जातात: ‘ते हिजकील, म्हणजे बायबलमधले इझिकिएल. इराकात कबरच आहे, वाद कसला?’ कबर आहे, हे खरं. बाबिल प्रांतात, हिल्ला शहराच्या दक्षिणेला फुरात (युफ्रेटिस) नदीकाठच्या त्या गावाचं नावच अल-किफ्ल. मधाच्या पोळ्यासारखा निमुळता घुमट आणि आतल्या भिंतींवर हिब्रू लेख. बाराव्या शतकात स्पेनचा यहुदी प्रवासी बेंजामिन तिथे गेला होता, आणि १९५०-५१ मध्ये बहुतेक यहुदी इराक सोडून जाईपर्यंत तिथे त्यांची यात्रा भरायची. पण पॅलेस्टाईनमध्ये नाब्लुसच्या दक्षिणेला किफ्ल हारिस नावाचं गाव आहे, तिथेही जुल-किफ्ल यांची कबर दाखवतात. जुना इतिहासकार आणि कुराणाचा टीकाकार तबरी याने नोंदवलेल्या एका परंपरेत ते अय्यूब यांचे पुत्र बिश्र. पैगंबर मुहम्मदांचे सहकारी अबू मूसा अशअरी यांच्या नावावर एक मत असं आहे, की ते नबी (पैगंबर) नव्हतेच, एक नेक माणूस होते. म्हणजे ‘हिजकील’ हे उत्तर ‘बुद्ध’ या उत्तरापेक्षा जुनं आणि जवळचं, पण पक्कं तेही नाही.

टीकाकारांच्या या गर्दीत मला मुजाहिद या सुरुवातीच्या काळातल्या टीकाकाराच्या नावाने येणारी कथा आवडते. पैगंबर अल-यसा म्हातारे झाले, त्यांना वारस नेमायचा होता. लोकांना जमवून म्हणाले, तीन गोष्टींची हमी कोण देतो: दिवसा रोजा, रात्री नमाज, आणि न्याय करताना राग नाही? ज्याच्याकडे कोणाचं लक्षही जात नसे असा एक माणूस उठला. नेमणूक झाली. त्याची झोप एवढीच, दुपारची वामकुक्षी. इब्लीस (सैतान) नेमका त्या वेळी म्हाताऱ्याच्या रूपात दार वाजवायला आला आणि माझ्या लोकांनी माझ्यावर अन्याय केला म्हणून लांबण लावून बसला. संध्याकाळी कचेरीत ये, न्याय देतो, म्हटलं, आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपारीच हजर. तिसऱ्या दिवशी घरच्यांना सांगून ठेवलं, कोणालाही आत सोडू नका, डोळा लागू दे. तर इब्लीस भिंतीतल्या झरोक्यातून आत शिरला आणि दार आतून वाजवू लागला. दार बंद, माणूस आत. तेव्हा त्याने ओळखलं. इब्लीस म्हणाला, तुला राग आणायचे सगळे उपाय केले, थकलो. घेतलेली हमी त्याने पाळली, म्हणून जुल-किफ्ल.

ही कथा इतिहास आहे असं माझं म्हणणं नाही. पण नावाचा अर्थ तिने जिथून घेतला ती जागा बरोबर आहे, आणि कुराणातल्या ‘धीर धरणाऱ्यांपैकी’ या शब्दाशीही ती जुळते.

राहता राहिला बुद्धांचा मान. त्यासाठी मुसलमानाला नावाची ओढाताण करायची गरज नाही. ज्यांची हकिकत सांगितली असे पैगंबर आहेत आणि ज्यांची सांगितली नाही असेही आहेत, हे कुराण स्वतःच म्हणतं (४०:७८). ज्याला बुद्धांना त्या न सांगितलेल्यांत धरायचं, त्याला जागा आहे. पण त्यांना नबी म्हणताना बौद्धांना विचारलंय का? बुद्धांनी स्वतःला कोणाचा दूत म्हटलं नाही. बाबासाहेबांनी त्यांना मोक्षदाता नव्हे, मार्गदाता म्हटलं. आणि १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचं साफ नाकारलं. दुसऱ्याच्या यादीत मानाने का होईना बसवलं जाणं, याचा अनुभव त्या समाजाला आहे.

पुतण्याने भाषण बदललं. ग्रुपवर मी फार काही लिहिलं नाही, सूरह सादमधल्या २३ आणि ४८ या दोन आयती शेजारी शेजारी ठेवल्या आणि क-फ-ल अधोरेखित केलं. तासभर कोणी बोललं नाही. मग कुवेतवाल्या चाचांचा निरोप आला: तीन दिवस दुपारची झोपमोड होऊनही चिडला नाही, असा कफील मला मिळाला असता तर मी आणखी दहा वर्षं राहिलो असतो.