ऱ्हाईनचे फोटो आणि आपल्याकडची 'शिस्त'

ऱ्हाईन नदीच्या काठाने स्वित्झर्लंडपासून सायकल मारत एकदाचा नेदरलँड्समधल्या हूक फान हॉलंडला समुद्रापाशी पोचलो, फोटो टाकला, आणि अभिनंदनाचे अंगठे संपायच्या आत फॅमिली ग्रुपवर नेहमीचा वाद सुरू, असे सायकल ट्रॅक आपल्याकडे का नाहीत. काका म्हणाले, शिस्त लागते बाबा, आपल्याकडे ट्रॅक केला तर दुसऱ्या दिवशी त्यावर गाड्या पार्क. मावसभाऊ म्हणाला, आपल्या उन्हात सायकल चालवणार कोण, ट्रॅक म्हणजे नुसता पैशाचा चुराडा.

मला दोन्ही पटत नाही. जर्मनीत राहतो म्हणून सांगतो, इथेही पार्सलच्या व्हॅन सायकल लेनमध्ये इंडिकेटर लावून बिनधास्त उभ्या असतात आणि आपण मनातल्या मनात शिव्या घालत मेन रोडवर उतरायचं. नेदरलँड्सचं तर सगळ्यांना वाटतं की ते लोक जन्मतःच सायकलवर बसतात. 1971 साली तिथे रस्त्यावर 3,000 च्या वर माणसं मेली, त्यात 400 हून जास्त मुलं होती, मग आईबाप रस्त्यावर उतरले, 1973 च्या तेलसंकटात रविवारी गाड्या बंद ठेवायची वेळ आली, आणि तिथून ते हळूहळू बदलत गेले. म्हणजे भांडून मिळवलंय, रक्तात वगैरे काही नव्हतं.

आणि हा वाद पेटतो तो फोटोंमुळे. टूरभर मी ऑनलाइन होतो कारण आईची अटच होती. व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं, त्यामुळे रोज सकाळी निघताना परत चालू करायचं, विसरलो की तासाभरात 'कुठे आहेस' सुरू. युरोपियन युनियनमध्ये 2017 पासून रोमिंगचे जादा पैसे नाहीत पण स्वित्झर्लंड त्यात येत नाही, म्हणून सुरुवातीला वायफाय मिळेल तिथेच हजेरी. फोन पुढच्या चाकातल्या डायनॅमोवर चार्ज व्हायचा, चढ आला, स्पीड पडला की चार्जिंग बंद. एवढं सगळं करून घरी पोचलं काय, तर लोरेलायचा नदीकाठचा प्रसिद्ध कडा, किल्ले, द्राक्षमळे. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनला केमिकल कारखान्याच्या कडेने भिंत, पाइप आणि ट्रक बघत जे अंतर कापलं त्याचा फोटो कोण काढतो?

खरी गंमत वेगळीच आहे. ऱ्हाईनच्या काठावर पांढऱ्या पाट्यांवर किलोमीटरचे मोठे काळे आकडे दिसतात, कॉन्स्टान्झच्या पुलाला शून्य, कोलोनला 688, हूक फान हॉलंडला 1036. ते आपल्यासाठी नाहीतच, बोटवाल्यांसाठी आहेत! रस्ताही बऱ्याच ठिकाणी तसाच दुसऱ्या कामासाठी केलेला, कुठे पूर्वी घोडे होड्या ओढायचे ती वाट, कुठे पुराचा बांध. सकाळी सातला त्यावरून शाळेची पोरं आणि कामावर जाणारी माणसं जातात, माझ्यासारखे टूरवाले त्यांच्यामागून फुकटात.

आपल्याकडे उलटं झालंय. सायकल ट्रॅक म्हटलं की तलाव, बाग, रविवार सकाळ. मुंबईत पवई तलावाकाठचा ट्रॅक हायकोर्टाने 2022 मध्ये बेकायदा ठरवला, मला तो निकाल योग्यच वाटला, पण त्यावरच्या चर्चेत तलाव होता, फिटनेस होता, रोज सायकलने ड्युटीला जाणारा वॉचमन काही दिसला नाही. 'उन्हात चालवणार कोण' याचं उत्तर तोच आहे ना, तो आत्ताही भर उन्हात चालवतोयच, फक्त तो आपल्या ग्रुपवर नाही.

मावसभाऊ शेवटी म्हणाला, एवढं आहे तर कोकणात चालवून दाखव. अरे, लोक कधीपासून चालवतायत! माइन्झ ते कोब्लेन्झ नदीवर गाड्यांचा पूल नाही, सायकल फेरीबोटीत घालून पलीकडे जायचं, आणि आपल्याकडे दाभोळला, जयगडला हेच चालतं, जेटीवर थांबा, सायकल चढवा, खाडी ओलांडा. आता कोकण किनाऱ्याच्या रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी त्याच खाड्यांवर मोठे पूल करायचं चाललंय. तर काका, शिस्तीचं नंतर बघू, तुमच्या ओळखीत पीडब्ल्यूडीतले कोण कोण आहेत त्यांना जरा विचारा, त्या पुलांच्या नकाशात कडेला सायकलसाठी जागा धरलीय का?